व्हॅनमधलं गरम पाणी: गोव्यातल्या कार्पेटवाल्यांनी काय घ्यावं, काय टाळावं

गाडी घेऊन कार्पेट आणि सोफे धुण्याचं काम करणाऱ्याला पाणी गरम करायला चार साधनं मिळतात: विजेचं एलिमेंट, गॅस गीझर, डिझेल हीटर आणि खुद्द गाडीच्या इंजिनाची उष्णता. चारही चालतात. पण त्यांच्याविषयी जी माहिती सहज सापडते ती बहुतेक थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेली असते. तिथे हिवाळ्यात नळाचं पाणी पाच-सात अंशांवर येतं आणि ते साठ-सत्तरपर्यंत चढवायला मोठा बर्नर लागतोच. आपल्याकडे जमिनीखालच्या टाकीतलं पाणी वर्षभर २६ ते २८ अंशांच्या आसपास असतं आणि एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं त्याहून बरंच गरम. चढणीचा तिसरा हिस्सा गोव्याच्या हवेनेच चढून दिलेला असतो. म्हणून इथे आधी पैसे घालायचे ते चांगल्या, इन्सुलेशन केलेल्या टाकीत. हीटर कोणता घ्यायचा हा त्यानंतरचा प्रश्न.

हे हिशोबाने पाहू. एक लिटर पाणी एका मिनिटात सुमारे १४ अंशांनी चढवायला एक किलोवॅट लागतो. कार्पेटच्या वाँडवर (पाणी फवारणारी आणि ओढून घेणारी दांडी) ०२ नंबरचे दोन जेट (फवारणीची तोंडं) असतील आणि पंपाचा दाब १०० पीएसआय असेल, तर ट्रिगर दाबल्यावर मिनिटाला साधारण २.४ लिटर पाणी जातं. २७ अंशांचं पाणी ६२ वर न्यायचं म्हणजे ३५ अंशांची वाढ, आणि तेवढ्या प्रवाहाला जवळपास ६ किलोवॅट हवेत. मात्र ट्रिगर सतत दाबलेला नसतो. एकदा फवारत ओढायचं, एकदा कोरडं ओढायचं, मग पुढे सरकायचं. सरासरी काढली तर प्रवाह मिनिटाला १.२ लिटरवर येतो आणि गरज ३ किलोवॅटवर. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम तेवढंच मिळतं. म्हणजे सरासरी ३ किलोवॅट आणि ट्रिगर दाबलेला असताना ६. मधला फरक भरून काढायला साठा लागतो, आणि साठा म्हणजे टाकी.

टाकी घ्यायची तर १०० लिटरची. ईकोसारख्या व्हॅनमध्ये याहून मोठी बसवली की वजन नको तिथे जातं. शंभर किलो पाणी, टाकीचं स्वतःचं वजन, मशीन, व्हॅक्यूम, होज आणि परतीचं घाण पाणी हे सगळं मागच्या ॲक्सलवर येतं. टाकी मागच्या दाराशी न ठेवता ॲक्सलच्या पुढे, आडवी बसवावी आणि आत एक आडपडदा असावा. नाहीतर चोर्ला घाटाच्या वळणांवर अर्धी भरलेली टाकी गाडीला धक्के देते. पट्टे चासीला बोल्टने धरलेले हवेत, नुसत्या पत्र्याला नकोत.

धातूबद्दल हयगय करू नका. वेर्णा, कुंडई, थिवीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये स्टेनलेस स्टीलचं फॅब्रिकेशन करणारे विचारल्याशिवाय ३०४ ग्रेड लावतात, कारण ती स्वस्त आणि हाताशी असते. गोड्या नळाच्या पाण्याला ती पुरते. पण किनाऱ्याजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं मचूळ पाणी कधी ना कधी टाकीत येणारच असेल तर ३१६ मागा. गरम पाण्यातलं क्लोराइड ३०४ ला वेल्डच्या कडेने बारीक भोकं पाडतं. ती बाहेरून दिसत नाहीत, आधी इन्सुलेशन ओलं होतं. वेल्डिंगनंतरचा निळा-काळा डाग पिकलिंग पेस्टने काढून घ्या. तो तसाच ठेवला तर गंज तिथूनच सुरू होतो.

इन्सुलेशन ५० मिलिमीटर जाडीच्या पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) असावं. १०० लिटरची टाकी ७५ अंशांवर तापवून ठेवली तर या जाडीतून सुमारे तीस वॅट उष्णता निसटते. फिटिंग आणि पाइपांतून आणखी तेवढीच जाते असं धरलं, तरी आठ तासांत पाणी चार अंशच उतरतं. उघड्या पत्र्याची टाकी मात्र पहिल्या तासातच चार-पाच अंश घालवते आणि दुपारच्या कामापर्यंत कोमट होते. ग्लासवूल चालतं, पण पावसाळ्यात ते ओल धरतं आणि मग त्याचा उपयोग संपतो. वर पत्र्याचं आवरण लावून सांधे सिलिकॉनने बंद केलेले असतील तरच ते घ्यावं.

टाकी पूर्ण बंद करू नका. २७ वरून ७५ अंशांवर जाताना पाणी जवळपास दोन टक्के फुगतं, म्हणजे १०० लिटरला दोन लिटर. त्याला जागा हवी. वर एक अर्ध्या इंची व्हेंट काढून ती गाडीच्या तळातून बाहेर सोडावी आणि टाकी गळ्यापर्यंत न भरता चार-पाच लिटरची जागा ठेवावी. फॅब्रिकेटरने तीन बार सोसणारी टाकी दिली म्हणून ती बंद करून चालवणं धोक्याचं आहे. थर्मोस्टॅट अडकला तर अशी टाकी फुटते.

आता या टाकीत उष्णता कशाने भरायची?

विजेचं एलिमेंट हा आमच्या मते गोव्यातल्या एका गाडीच्या धंद्याला सर्वांत योग्य मार्ग आहे, आणि त्याला साइटवरची वीज लागतच नाही. गाडी रात्री घरी उभी असते. ३ किलोवॅटचं एलिमेंट १०० लिटर पाणी २७ वरून ७५ वर एक तास पन्नास मिनिटांत नेतं. खर्च साडेपाच युनिट आणि थोडी गळती. २ किलोवॅटच्या एलिमेंटला पावणेतीन तास लागतात. पहाटेचा टायमर लावला की सकाळी टाकी तयार. पावसाळ्यात पहाटे वीज जाण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा टायमर रात्री अकराचा ठेवा. सकाळपर्यंत तीन-चार अंश जातील, पण काम अडणार नाही.

७५ अंशांचं पाणी थेट कार्पेटवर घालायचं नाही, आणि इथेच साठा वाढतो. मशीनच्या ३० लिटरच्या टाकीत २० लिटर ७५ अंशांचं आणि १० लिटर नळाचं पाणी घातलं की ५९ अंश मिळतात. १०० लिटरच्या साठ्यातून असं सुमारे १४५ लिटर साठ अंशांचं पाणी निघतं. कार्पेट फार मळकं नसेल तर यात हजार चौरस फुटांचं काम होतं. लग्नाच्या हॉलमधलं चिखलाने भरलेलं असेल तर त्याच्या निम्म्याचं धरा.

एलिमेंट बसवताना तीन गोष्टी पाहायच्या. ते तळापासून पाच सेंटिमीटर वर, आडवं असावं, म्हणजे गाळात रुतत नाही. पाणी बाहेर काढायची नळी एलिमेंटच्या वरच्या पातळीला असावी, म्हणजे टाकी कितीही रिकामी केली तरी एलिमेंट पाण्याखालीच राहतं. दहा-बारा लिटर पाणी आत अडकून पडतं, पण कोरडं पेटून एलिमेंट जळण्याची शक्यता संपते. तळाला वेगळा ड्रेन ठेवा, गाळ तिथून काढायचा. तिसरी गोष्ट कंट्रोलर. एसटीसी-१००० सारखा डिजिटल कंट्रोलर तापमान बरं दाखवतो, पण त्याचा रिले (आतला स्विच) १० अँपिअरचा असतो. ३ किलोवॅटचं एलिमेंट १३ अँपिअर ओढतं. थेट जोडलं तर रिलेचे काँटॅक्ट चिकटतात आणि एलिमेंट बंदच होत नाही. मध्ये २५ अँपिअरचा काँटॅक्टर (जास्त प्रवाह झेपणारा स्विच) घाला. शिवाय ९० अंशांना तुटणारा, हाताने परत लावायचा थर्मल कटआउट वेगळा हवाच. कंट्रोलरवर विसंबून तो वगळू नये.

साइटवर वीज घेऊन पाणी चढतं ठेवायचं असेल तर मर्यादा ओळखा. दोन व्हॅक्यूम मोटारींचं पोर्टेबल मशीन स्वतःच २ किलोवॅटच्या आसपास ओढतं. त्याच सॉकेटवर हीटर लावला की एमसीबी पडणार. हीटरला स्वयंपाकघर किंवा न्हाणीघराच्या गीझरच्या लाइनवरून वेगळी वायर घ्यावी लागते. ती अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची, तीन कोअरची असावी आणि रीळ पूर्ण उलगडलेलं असावं, कारण गुंडाळलेल्या रिळावर १३ अँपिअर चालवले की इन्सुलेशन वितळतं. सोसायटीच्या पार्किंगमधलं सॉकेट बहुधा ६ अँपिअरचं असतं. त्यावर १ किलोवॅटपेक्षा जास्त लावू नका. १ किलोवॅटने १०० लिटर पाणी तासाला साडेआठ अंशांनी वाढतं. तापलेली टाकी टिकवायला हे पुरेसं आहे, थंड टाकी तापवायला नाही.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा हीटर बिघडल्यासारखा वाटतो. तो बिघडलेला नसतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून २३० ऐवजी २०० व्होल्ट आले की ३ किलोवॅटचं एलिमेंट सव्वादोनच देतं. आणि अर्थिंगबद्दल: जुन्या घरांतून तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते हे नेहमी दिसतं. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की असलेलं अर्थिंगही कामाचं राहत नाही. धातूचा वाँड, ओलं कार्पेट आणि ओले पाय असं हे काम आहे. गाडीच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय एलिमेंटला वीज जोडायचीच नाही, आणि नव्या घरी मशीन लावण्याआधी सॉकेट टेस्टरने अर्थ तपासायचा.

इन्व्हर्टरवर गाडीतच पाणी तापवण्याचा सल्ला काही विक्रेते देतात. २ किलोवॅट म्हणजे १२ व्होल्टवर १६५ अँपिअरहून जास्त. नेहमीची लेड ॲसिड बॅटरी हे अर्धा तासही देत नाही. हा मार्ग सोडून द्या.

प्रेशर लाइनमध्ये घरगुती इन्स्टंट गीझर घालण्याचा जुगाडही दिसतो. गीझरच्या पट्टीवर कमाल दाब लिहिलेला असतो, इन्स्टंटला साधारण साडेसहा बार, साठवणीच्याला आठ. १०० पीएसआय म्हणजेच जवळपास सात बार आणि १५० पीएसआय म्हणजे दहाच्या वर. ट्रिगर सोडताना पाण्याचा धक्का बसतो तो निराळाच. असा गीझर पंपाच्या आधी, दाब नसलेल्या बाजूला चालतो. पंपाच्या पुढे घालायचा असेल तर कार्पेट मशीनसाठी बनलेला, दहा बारांच्या वर चाचणी झालेला इनलाइन हीटरच घ्यावा.

गॅस गीझरचा मोह मोठा आहे. छोटा, स्वस्त, म्हापशाच्या बाजारात सहज मिळणारा, आणि मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी वाढवतो, म्हणजे साडेदहा किलोवॅट. कागदावर कार्पेटच्या गरजेच्या तिप्पट. पण बंद व्हॅनमध्ये तो बसवणं हे या संपूर्ण विषयातलं सर्वांत घातक पाऊल आहे, आणि ते स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे तेरा घनमीटर हवा लागते. गीझर तासाला किलोभर गॅस जाळतो. व्हॅनच्या मागच्या भागात तीन-चार घनमीटरच हवा असते. वीस मिनिटांत प्राणवायू इतका उतरतो की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसं दगावतात ती याच कारणाने. दार उघडं ठेवलं की झालं, असं समजू नका. पाऊस आला की दार लावलं जातं. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो गाडीच्या तळात साचतो आणि तिथेच व्हॅक्यूम मोटारीच्या ब्रशच्या ठिणग्या उडत असतात.

कामाच्या दृष्टीनेही तो जुळत नाही. बहुतेक गीझर मिनिटाला अडीच-तीन लिटर प्रवाह झाल्याशिवाय पेटत नाहीत आणि आपला वाँड २.४ घेतो. म्हणजे कधी पेटेल, कधी नाही. पेटला तरी प्रत्येक वेळी आधी थंड पाण्याचा आणि ट्रिगर सोडून परत दाबल्यावर भाजणाऱ्या पाण्याचा झोत येतो. लोकरीच्या गालिच्यावर असा एक झोत पुरतो.

उघड्या हौदाच्या पिकअपवर, गीझर बाहेरच्या बाजूला लावून, गाडी उभी असताना फक्त टाकीचं पाणी फिरवून तापवायला तो वापरता येतो. अर्ध्या तासात १०० लिटर तयार होतं आणि गॅस अर्ध्या किलोहून थोडा जास्त जातो. १९ किलोच्या सिलिंडरमध्ये पस्तीस टाक्या. या पद्धतीत टाकीचं पाणी ५० अंशांच्या पुढे गेलं की गीझरमधून ७५ चं बाहेर पडतं आणि त्याचा अतितापाचा कटआउट पडतो. वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोयही अनेक मॉडेलमध्ये असते. ही सुरक्षा आहे, तिच्या वायरी कापायच्या नाहीत. गीझरवर आयएस १५५५८ चा शिक्का पाहा. रेग्युलेटर कमी दाबाचाच, भट्टीचा नको. सिलिंडर निळा, व्यावसायिक. लाल घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि टोपी लावलेली असावी.

ज्यांचं काम मोठं आहे, म्हणजे हॉटेलचा आख्खा मजला किंवा कॅसिनोचा हॉल रात्रीत संपवायचा आहे, त्यांनी डिझेल हीटर पाहावा. वेबास्टो, एबरस्पेखर यांचे कूलंट तापवणारे ५ किलोवॅटचे हीटर मुळात थंड देशांत गाडीचं इंजिन गरम ठेवायला बनले. त्यांच्या धर्तीचे चिनी हीटर ऑनलाइन मिळतात. घेताना नीट पाहा: हवा तापवणारा हीटर आणि पाणी तापवणारा हीटर बाहेरून सारखे दिसतात आणि स्वस्त असतो तो बहुधा हवेचा. आपल्याला पाण्याचा हवा.

हा हीटर धुण्याचं पाणी थेट तापवत नाही, तापवायलाही देऊ नये. त्याच्या आत कूलंट फिरतं आणि वीस प्लेटांच्या हीट एक्स्चेंजरमधून ती उष्णता आपल्या पाण्यात येते. त्यामुळे विहिरीच्या पाण्यातलं लोह आणि मीठ हीटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगापर्यंत पोचत नाही. ५ किलोवॅटमध्ये मिनिटाला १.२ लिटरची सरासरी गरज आरामात भागते. सलग २.४ लिटर खेचलं तर पाणी २७ वरून ५७ पर्यंतच जातं. मागे तापलेली टाकी असेल तर ही उणीव जाणवत नाही. पूर्ण जोरावर तो तासाला ०.६ लिटर डिझेल पितो. १०० लिटरची टाकी ७५ वर न्यायला ०.७ लिटर.

बिघाड बहुतेक एकाच कारणाने होतो: हीटर थोडा वेळ चालवून बंद करणं. पाच मिनिटं चालला, पाणी तापलं, बंद केला, परत लावला. ज्वलनकक्ष पुरता तापतच नाही, काजळी धरते, ग्लो प्लग गुरफटतो आणि एके दिवशी पांढरा धूर सोडून हीटर एरर दाखवतो. एकदा पेटवला की वीस मिनिटं तरी पूर्ण जोरावर जाळावा. त्यासाठी उष्णता घ्यायला टाकी लागतेच, म्हणून टाकीशिवाय डिझेल हीटर बसवण्यात अर्थ नाही. बंद करताना बॅटरीचा स्विच काढायचा नाही. तो दोन-तीन मिनिटं पंखा चालवून स्वतःला गार करतो. ते तोडलं तर आतली उष्णता कंट्रोल बोर्ड खाते.

सुरू होताना ग्लो प्लग आठ-दहा अँपिअर घेतो, नंतर दोन-चार पुरतात. तरी गाडीच्या मुख्य बॅटरीवर तो ठेवू नये. वेगळी बॅटरी आणि मध्ये आयसोलेटर असावा. धुराडं गाडीच्या तळातून बाहेर, मागच्या चाकाच्या पुढे, दारापासून आणि फ्लॅटच्या खिडकीपासून लांब. त्याचा पाइप खूप तापतो, जिथे पत्र्यातून जातो तिथे मोकळं भोक आणि उष्णतारोधक बाही हवी. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत डिझेलचा वेगळा डबा बसवावा लागतो. तो प्रवासी भागात नको. पंपावर इंधन भरताना आणि फेरीबोटीवर हीटर बंद. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत याचे कनेक्टर हिरवे पडतात, तेव्हा जोडणी करतानाच डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून घ्यावं. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीला हे विशेष लागू आहे.

इंजिनाच्या कूलंटची उष्णता वापरणं कल्पनेत उत्तम. कूलंट ८० ते ९० अंशांवर असतं आणि म्हापशाहून पणजीला येईपर्यंत टाकी फुकट तापू शकते. पण गाडी उभी राहिली की लहान इंजिन आयडलवर पुरेशी उष्णता देत नाही आणि कॅबिन हीटरच्या होजमध्ये काढलेला एक सांधा सुटला तर कूलंट जाऊन इंजिन जाम होतं. वॉरंटीचा प्रश्न आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही, तेव्हा चासी, इंधन किंवा इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. इलेक्ट्रिक व्हॅन घेणाऱ्यांना हा मार्ग नाहीच.

हीटर कोणताही असो, पाणी गोव्याचं आहे हे विसरून चालत नाही. बाकीच्या मुलखात एलिमेंटवर चुन्याचा थर ही मुख्य तक्रार असते. आपल्याकडे ओपा किंवा साळावलीहून येणारं नळाचं पाणी मऊ आहे, थर हळू बसतो. इथला त्रास उलटा आहे. जांभ्याच्या विहिरींचं पाणी किंचित आम्ल असतं आणि त्यात लोह असतं. आम्ल पाणी तांब्याची नळी आणि तांब्याचं एलिमेंट आतून खातं, म्हणून एलिमेंट इनकॉलॉय या निकेलच्या मिश्रधातूचं घ्या आणि टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) लावून सहा महिन्यांनी पाहा. लोह त्याहून वाईट. थंड असताना पाणी स्वच्छ दिसतं, तापवल्यावर लोह गंजून बाहेर येतं आणि फिक्या कार्पेटवर पिवळट छटा सोडतं. ग्राहकाच्या विहिरीचं पाणी घेण्याआधी पांढऱ्या बादलीत थोडं तापवून पाहा, तळाला तांबूस गाळ बसला तर ते घेऊ नका. ५ मायक्रॉनचा फिल्टर बाहेर आलेला गंज पकडतो, विरघळलेलं लोह नाही. किनाऱ्याच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खारावतात. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) ५०० च्या वर गेला तर नळाचं पाणी घरूनच न्या. कार्पेटमध्ये राहिलेलं मीठ जून उजाडताच हवेतली ओल ओढतं आणि कार्पेट कुबट होतं.

टाकीपासून वाँडपर्यंत उष्णता कुठे जाते याबद्दल गैरसमज आहे. पंधरा मीटर लांबीच्या पाव इंची होजमध्ये पाणी वाहतं असताना दोन-तीन अंशच जातात. खरी घट दोन ठिकाणी होते. काम थांबलं की होजमधलं अर्धा लिटर पाणी निवतं, म्हणून दर वेळी सुरुवातीला ते बादलीत सोडून मगच वाँड कार्पेटवर ठेवावा. आणि जेटमधून बारीक तुषार उडाले की हवेतच पाणी झपाट्याने निवतं. दाब वाढवला की तुषार आणखी बारीक होतात, म्हणजे १५० पीएसआयवर कार्पेटला लागणारं पाणी १०० च्या तुलनेत थंड असू शकतं. वाँडचं तोंड कार्पेटला टेकलेलं असावं, जेट झिजला असेल तर बदलावा. तापमान टाकीवरच्या काट्यावर न मोजता, जेटखाली स्टीलचा पेला धरून मोजावं.

पंपाकडेही लक्ष द्या. आरओचे बूस्टर पंप थंड पाण्यासाठी असतात, ६० अंशांवर त्यांचा डायफ्राम ढिला पडतो. पंपाच्या पट्टीवर कमाल तापमान वाचून घ्या. पंप टाकीच्या पातळीच्या खाली बसवा. गरम पाणी वर ओढायला लावलं की पंपात बुडबुडे होतात, तो खडखडतो आणि दाब पडतो. सक्शनला पारदर्शक पीव्हीसी होज नको, ती मऊ पडून चिपकते. ईपीडीएम रबराची होज घ्या, क्लॅम्प स्टेनलेसचे.

किती गरम, हे कापड ठरवतं. हॉटेलांतल्या नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या कार्पेटला ६० ते ६५ अंश चालतात. लोकरीला ५० च्या पुढे नको आणि अल्कली तर नकोच. रेशमी काश्मिरी गालिचा गाडीतल्या गरम पाण्याखाली आणायचाच नाही. माशाच्या हुमणाचा डाग पडला तर खोबऱ्याचं तेल गरम पाण्याने सुटतं, पण हळद पसरते आणि अल्कली लागली की लाल होते. हळदीवर आधी थंड पाणी आणि सौम्य आम्ल, मग तेलासाठी उष्णता. रक्त, अंडं, दूध यांना गरम पाणी लावलं की डाग पक्का बसतो. जांभी माती लोहाची असते, तापमानाने विरघळत नाही. ती पूर्ण वाळू द्यायची, कोरड्या व्हॅक्यूमने काढायची आणि मगच ट्रिगर दाबायचा. समुद्राची वाळूही तशीच.

पावसाळ्यात गरम पाण्यापेक्षा कोरडी ओढ जास्त महत्त्वाची ठरते. हवेतच ओल भरलेली असताना कार्पेट वाळायला दुप्पट वेळ लागतो, तेव्हा एका फवारणीमागे दोन कोरड्या ओढी आणि शेवटी पंखे. जूनआधी टाकी पूर्ण उपसून तळाचा गाळ काढा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहा, इन्सुलेशनच्या सांध्यांचं सिलिकॉन तपासा, डिझेल हीटर असेल तर त्याची हवा घेणारी नळी गाडीच्या तळाला इतकी खाली नाही ना की साचलेलं पाणी ती आत ओढेल, तेही बघा. काम आठवडाभर नसेल तर टाकी भरलेली ठेवू नये. कोमट, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि ते पुढच्या ग्राहकाच्या घरात फवारले जातात. टाकी रिकामी ठेवावी, किंवा पुन्हा वापरण्याआधी सगळं पाणी ७० अंशांवर अर्धा तास नेऊन, होजमधून सोडून द्यावं.